स्पोर्ट्स कार एकदा चालवली की घाटात बाईकची मजा उरत नाही?

असं एकांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. दोन्ही अनुभव घेतलेत म्हणून सांगतो.

मित्राच्या ओळखीतून पोर्शची ७१८ बॉक्स्टर ही स्पोर्ट्स कार घोडबंदर रोडला थोडा वेळ चालवायला मिळाली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, ३०० अश्वशक्ती, आणि ते इंजिन सीटच्या मागे, दोन्ही अ‍ॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांच्या, मधे. त्यामुळे गाडी वळणावर इतकी सहज वळते की पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. फार सुंदर यंत्र आहे. पण गाडी जमिनीलगत असल्याने प्रत्येक गतिरोधकाला पोटात गोळा येत होता.

त्यानंतरच्याच रविवारी रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन बाईक घेऊन एकटाच माळशेज घाटात गेलो. पहाटे ठाण्याहून निघून कल्याण, मुरबाड, टोकावडे. टोकावड्यानंतर समोर सह्याद्रीची भिंत दिसायला लागते आणि हवा बदलते. ओल्या कातळाचा वास, धबधब्याचे तुषार, बोगद्यातला गारवा हे सगळं अंगावर येतं. कारच्या काचेआड ते कुठून मिळणार?

एकटं जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो, उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा, वेग इंजिनने आवरा. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापतो आणि ऐन वळणावर पकड कमी होते. पावसाळ्यात दरडीच्या कडेला फोटोसाठी थांबू नका. धुकं दाट असेल तर खुबी फाट्याला चहा घेत बसा, तासाभराने निघा. मी तसाच बसलो होतो. धुकं विरल्यावर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे.