पीस ब्रिजवरून कॅनडाचं पीआर लँडिंग: एच-१बीवर असताना एका दिवसात जाऊन परत यायचंय

न्यूजर्सीकर

आम्हा दोघांचे सीओपीआर (कॅनडाचं कायम वास्तव्य, म्हणजे पीआर, मंजूर झाल्याचा कागद) आले, पासपोर्टवर पीआर व्हिसाही लागला. फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांच्या योजनेतून. मी अमेरिकेत एच-१बी या वर्क व्हिसावर, बायको जोडीदाराच्या एच-४वर. कायमचं जायला अजून वर्षभर आहे, पण सीओपीआरची मुदत त्याआधी संपते, म्हणून आत्ता फक्त लँडिंग (सीमेवर पीआर म्हणून पहिला प्रवेश नोंदवणं) करून परत यायचं. स्वतःच्या गाडीने बफेलोहून पीस ब्रिज ओलांडून फोर्ट एरीला जाऊ. पासपोर्टवरचा एच-१बीचा स्टॅम्प (व्हिसा) संपलाय, आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू आहे. सोबत काहीच सामान नाही, दागिने पुण्याच्या लॉकरमध्ये. तरीही सामानाची यादी लागते का? खिडकीवर नेमकं काय सांगायचं? आणि परत येताना स्टॅम्पवरून अडवतील का?

सीमोल्लंघन

आधी एक गोष्ट: सीओपीआरची मुदत वाढवून मिळत नाही. बहुतेक वेळा ती मेडिकलच्या किंवा पासपोर्टच्या तारखेला बांधलेली असते. अगदी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. बर्फ, गाडीचा बिघाड, काहीही होऊ शकतं.

अमेरिकेतून बाहेर पडताना सहसा कोणी पासपोर्ट बघत नाही. पूल संपला की थेट सीबीएसएची, म्हणजे कॅनडाच्या सीमा यंत्रणेची खिडकी. तिथे पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही पर्मनंट रेसिडेंट म्हणून लँडिंगसाठी आलोय. ‘फिरायला आलोय’ असं चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका, नाहीतर पर्यटक म्हणून आत सोडतील आणि पुन्हा वळून यावं लागेल. अधिकारी चिठ्ठी देऊन इमिग्रेशनच्या इमारतीकडे पाठवतो. गाडी लावा, दोघंही आत जा. मुख्य अर्जदाराचं लँडिंग आधी किंवा बरोबरच व्हावं लागतं. बायको आधी आणि तुम्ही नंतर, असं चालत नाही.

काउंटरवर पासपोर्ट, सीओपीआर आणि पैशाचा पुरावा द्यायचा. सीओपीआरवर घरून सही करून जाऊ नका, ती अधिकाऱ्यासमोर करायची असते. प्रश्न ठरलेले: कधी गुन्ह्यात शिक्षा झाली का, कुठल्या देशाने प्रवेश नाकारला किंवा बाहेर काढलं का, अर्जानंतर कुटुंबात काही बदल झाला का. हा शेवटचा प्रश्न सहज विचारल्यासारखा वाटतो, पण सगळ्यात जड तोच.

पैशासाठी बँकेचं ताजं पत्र आणि स्टेटमेंट न्या. फ्लॅटची किंमत त्यात धरत नाहीत. कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासवाल्यांना (कॅनडात कामाचा अनुभव असलेल्यांची योजना) हा पुरावा लागत नाही, पण तुम्हाला विचारू शकतात. रोख रक्कम किंवा बँक ड्राफ्ट मिळून १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा जास्त असेल तर आपणहून सांगायचं. नुसतं स्टेटमेंट म्हणजे रोकड नव्हे, ते जाहीर करावं लागत नाही.

काउंटर सोडण्याआधी नाव, जन्मतारीख आणि लँडिंगची तारीख तिथेच उभं राहून वाचा. आपल्याकडे पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, आडनाव आणि नाव यांची अदलाबदल सहज होते. घरी गेल्यावर चूक दिसली तर दुरुस्तीचा वेगळा अर्ज, आणि तो महिनोन्‌महिने चालतो. सही झालेला सीओपीआर जपून ठेवा, पीआर कार्ड आलं तरी त्याची गरज संपत नाही.

पीआर कार्डासाठी कॅनडातलाच पत्ता लागतो, अमेरिकेच्या पत्त्यावर ते पाठवत नाहीत. आत्ता पत्ता नसेल तर १८० दिवसांत ऑनलाइन कळवा. तो दिवस चुकला की फी भरून नव्याने अर्ज. मित्राचा पत्ता देणार असाल तर वर्षभरात घर न बदलणारा मित्र निवडा!

बोजाबिस्तरा

सामानाची यादी लागतेच, आणि सोबत काही नसताना तर जास्तच लागते. फॉर्म बीएसएफ१८६ (पूर्वी याला बी४ म्हणत). एक यादी सोबतच्या सामानाची, दुसरी मागून येणाऱ्या सामानाची. तुमची दुसरीच. ती पहिल्या प्रवेशाच्या वेळीच नोंदवावी लागते. पुढच्या वर्षी ट्रक घेऊन गेल्यावर आठवण झाली तर जकात लागू शकते. दोन प्रती न्या, शिक्का मारलेली एक प्रत तुमच्याकडे राहते.

नियमाचा गाभा एवढाच: वस्तू कॅनडात येण्याआधी तुमच्या मालकीची, ताब्यात आणि वापरात असली पाहिजे. त्यामुळे लँडिंगनंतर न्यूजर्सीत घेतलेला टीव्ही या सवलतीत बसत नाही. लीजवरची गाडी तुमच्या मालकीची नसते, म्हणून तीही नाही. सवलतीत नेलेली वस्तू वर्षाच्या आत विकली किंवा कोणाला दिली तर जकात भरावी लागते.

भांडीकुंडी, कपडे, पुस्तकं एकेका ओळीत गटाने लिहिली तरी चालतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंना मॉडेल आणि सिरियल नंबर टाका. दागिन्यांना मात्र हात आखडता घेऊ नका: ‘सोन्याच्या पाटल्या, २ नग, २२ कॅरट, एकूण अमुक ग्रॅम, कॅनेडियन डॉलरमध्ये किंमत’ अशी प्रत्येकाला ओळ, शेजारी फोटोचा क्रमांक. मंगळसूत्र, तोडे, नथ सगळं वेगवेगळं. सराफाकडून वजनासकट मूल्यांकनाचं पत्र घ्या. लॉकर पुण्यात आहे म्हणून आई-बाबांकडून फोटो मागवावे लागतील, तेव्हा हे काम आधी सुरू करा. ‘जुने दागिने, एकूण’ एवढंच लिहिलं तर पुढे विमानतळावर हातातल्या पाटल्या यादीतल्याच आहेत हे कशाने दाखवणार?

गाडी याच फेरीत आयात करायची नाहीये, तेव्हा ती परत जाणार आहे हे आधीच सांगा आणि मागून येणाऱ्या सामानात तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. खरोखर नेताना अमेरिकेच्या बाजूला निर्यातीची नोंद करून टायटलची (मालकीची) कागदपत्रं ७२ तास आधी सीबीपीकडे, म्हणजे अमेरिकेच्या सीमा यंत्रणेकडे द्यावी लागतात. कॅनडाच्या बाजूला आरआयव्हीची (आयात गाड्यांची नोंदणी करणारी यंत्रणा) तपासणी आणि उत्पादकाकडून रिकॉल (सदोष भागाची दुरुस्ती) बाकी नसल्याचं पत्र. बरेच जण हे ७२ तास विसरतात आणि पुलावरून माघारी येतात.

आय-९४ तपासा

परतीबद्दल. स्टॅम्प संपला असला तरी ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन (संपलेला व्हिसा परतीपुरता चालू धरण्याची सोय) याखाली येता येतं: फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत, ३० दिवस किंवा कमी मुक्काम, आय-९४ मुदतीत, आणि त्या फेरीत नव्या अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. लँडिंगला जाताजाता टोरांटोत स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट घेतलीत की ही सोय गेली; मग व्हिसा मिळेपर्यंत तिकडेच.

बायकोचं आय-९४ वेगळं असतं. तुमची मुदत एच-१बीच्या एक्स्टेन्शनने वाढली म्हणून तिची आपोआप वाढत नाही, तिची वेगळी मंजुरी लागते. दोघांच्या आय-७९७ च्या (मंजुरीच्या नोटिशीच्या) मूळ प्रती न्या, खाली जोडलेल्या आय-९४ सकट. ते चिठोरं कॅनडाच्या खिडकीवर कोणालाही देऊन टाकू नका. सीबीपीच्या अधिकाऱ्याने संपलेल्या स्टॅम्पकडे बोट दाखवलं तर रिव्हॅलिडेशनचं नाव घ्या, अमेरिकेच्या संघीय नियमावलीतला नियम २२ सीएफआर ४१.११२(डी). त्याची प्रिंट सोबत असली की बोलणं लवकर आटोपतं. कॅनडाचं पीआर घेतलं म्हणून एच-१बीला बाधा येत नाही, लपवायचं कारण नाही.

कार्ड हातात येईपर्यंत कॅनडात पुन्हा जायचं तर खासगी गाडीने जमिनीवरूनच जा, पासपोर्ट आणि सीओपीआर घेऊन. विमान, बस, ट्रेनला पीआर कार्ड किंवा ट्रॅव्हल डॉक्युमेंट लागतं. आणि पीआर टिकवायला ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं; ते घड्याळ लँडिंगच्या दिवसापासून सुरू होतं, अमेरिकेतलं हे वर्ष त्यात मोजलं जात नाही.

ब्रॅम्प्टनचा बाळू

हा धागा वाचून ऑन्टॅरिओत आधीच राहणाऱ्यांनी पुलाकडे निघू नये. तुमचं लँडिंग पीआर पोर्टलवर घरबसल्या होतं. फ्लॅगपोलिंग (सीमा ओलांडून लगेच परत येणं) करून वर्क किंवा स्टडी परमिट मिळणंही २३ डिसेंबर २०२४ पासून बंद आहे.

न्यूजर्सीकर

सगळ्यांचे आभार, यादी आजच सुरू करतो. मेव्हण्याचाही सीओपीआर आलाय, अर्ज अविवाहित म्हणून. लग्न डिसेंबरात पुण्याला, पण मुलीच्या व्हिसासाठी रजिस्टर लग्न पुढच्या महिन्यात उरकायचं म्हणताहेत. त्याने आधी लँडिंग करावं की नंतर?

सीमोल्लंघन

त्याला आजच फोन करा. साखरपुडा झाला तर काही बिघडत नाही, पण रजिस्टर लग्न म्हणजे लग्नच, मांडव पडो न पडो. लग्न करून, ते न कळवता ‘अविवाहित’ म्हणून सही केली तर ती खोटी माहिती ठरते: पीआर जाऊ शकतं, ५ वर्षांची बंदी येऊ शकते. शिवाय तपासणी न झालेल्या जोडीदाराला नंतर फॅमिली क्लासमधून (कुटुंबीयांना आणण्याच्या मार्गाने) आणता येत नाही, कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांतला नियम ११७(९)(डी).

रस्ते दोन. लग्न आधी करायचं असेल तर लँडिंग थांबवून आयआरसीसीला (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला) वेबफॉर्मने कळवायचं. मुलीचं मेडिकल आणि पोलीस सर्टिफिकेट होऊन कागद नव्याने येईपर्यंत वेळ जातो. नाहीतर आधी अविवाहित म्हणून लँडिंग, मग लग्न, मग स्पॉन्सरशिप. यात बेकायदा काही नाही, पण स्पॉन्सर करताना पीआरवाल्याला कॅनडातच राहावं लागतं. परदेशात राहून स्पॉन्सर करायची मुभा फक्त नागरिकांना. मेव्हणे तुमच्यासारखे लँडिंग करून लगेच अमेरिकेत परतणार असतील, तर दुसऱ्या रस्त्याने जाण्याआधी हे घरात नीट बोलून घ्या.