मदत हवी आहे: मावसबहिणीसाठी मोफत वकील, पुण्यात सुरुवात कुठून करू?

माझी मावसबहीण महिनाभरापासून मुलीला घेऊन माझ्याकडे पुण्यात आहे. सासर साताऱ्याकडचं. नवरा मारतो हे आम्हाला लग्नाच्या नऊ वर्षांनी कळलं. दाराची बेल वाजली की अजून तिच्या हातातली वाटी हिंदकळते. अंगावरच्या कपड्यांनिशी आली. आधार कार्ड, मुलीचा दाखला, आईने घातलेलं सोनं, सगळं तिकडेच राहिलं.

पोलीस चौकीतून 'घरातलं घरात मिटवा' म्हणून परत पाठवलं. वकिलाची फी झेपणारी नाही. बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करता येतो आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती सध्या राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, एवढं समजलंय.

हा मोफत वकील देणाऱ्या सरकारी कार्यालयात, म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, कुणी स्वतः गेलंय का? वकील मिळायला किती दिवस लागले? आधी संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेला अधिकारी) जायचं की थेट कोर्टात? ज्या मारहाणीचे दवाखान्याचे कागदच नाहीत, तीही या अधिकाऱ्याच्या हिंसाचाराच्या अहवालात लिहायची ना?

आणि एखादी चांगली समुपदेशक सुचवा. 'पोरीसाठी सहन कर' म्हणणारी नको, तेच ऐकत तिने नऊ वर्षं काढलीत.