घरफोडीनंतर घराबाहेर पाऊल टाकवत नाही

गोदाकाठ, नाशिक
गणपतीसाठी आम्ही पाच दिवस कोकणात गेलो असताना बंद सदनिकेचा कडी-कोयंडा तोडून चोरी झाली. आईच्या पाटल्या, माझे मंगळसूत्र आणि लेकीच्या फीसाठी ठेवलेली रोकड गेली. पंचनामा झाला, ठसे घेतले, गुन्हा नोंदवला गेला; त्याला आता चौथा महिना लागला आहे. सोन्याचे दुःख आहेच, पण त्याहून अधिक सलते ते हे, की कुणा परक्या माणसाने माझ्या साड्यांच्या घड्या उसकटल्या आणि देवघरातला करंडा उघडून त्यातले कुंकू फरशीवर सांडले. त्या साड्या मी अजून नेसलेल्या नाहीत.

भाजीला निघाले तर फाटकापासून परत येते, कुलूप ओढून पाहते, पुन्हा निघते, पुन्हा परतते, आणि शेवटी वरण-भातावर भागवते. भाचीच्या लग्नालाही गेले नाही. पहाटे तीनला जाग येते, कशातच मन लागत नाही. 'जीव वाचला ना, सोने काय पुन्हा घेता येईल,' असे सगळे म्हणतात. ते खरे आहे, म्हणूनच स्वतःची लाज वाटते. यातून कुणी बाहेर आले आहे का?

सिंहगडरोडकर
ताई, मी आलो आहे. आमच्याकडे चोरी झाल्यावर मी कार्यालयातून घरून काम करण्याची परवानगी मागून घेतली आणि सात महिने घराची राखण केली. मी घाबरलो आहे हे बायकोलाही कळले नाही, कारण पुरुषमाणूस घरी बसला की तो कामात आहे असेच लोक समजतात. पुढे मी आधी वाहनतळापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत आणि मग मंडईपर्यंत जायला लागलो. एकेक टप्पा कंटाळा येईपर्यंत रोज केला. निघताना कुलपाचा फोटो काढून ठेवायचो आणि वाटेत शंका आली की तो पाहायचो. तेवढे करून पाहा.

समुपदेशक, सातारा
टप्प्याटप्प्याने जाण्याची वरची पद्धत योग्यच आहे. उपचारातही तीच वापरतात. फोटोबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. शंका आल्याबरोबर फोटो पाहिला तर क्षणभर हायसे वाटते, पण शंका आली की खात्री करून घ्यायचीच, ही सवय पक्की होते. आपण घरी बसतो तेव्हाही हेच घडते: चोरी झाली नाही याचे श्रेय मन आपल्या पहाऱ्याला देते, आणि म्हणून पहारा सोडणे दिवसेंदिवस अवघड होत जाते. कुलूप एकदाच, मोठ्याने 'लावले' असे म्हणून लावावे आणि निघावे. छातीत धडधड होईल. ती ओसरेपर्यंत परत फिरू नये. ती सोसवणार नाही असे वाटले, तर आधीचा लहान टप्पाच आणखी काही दिवस करावा.

तुम्ही लिहिलेली झोपमोड आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत त्या सोडू नयेत. बाहेर पडणेच जमत नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर घरूनच बोलता येते. ती सरकारी सेवा चोवीस तास आणि विनामूल्य आहे. जगणेच नको असे वाटू लागले, तर त्याच क्षणी तेथे फोन करा आणि घरच्यांनाही सांगा.

लाजेविषयी एवढेच, की ज्या जागी आपण बिनघोर झोपतो ती जागाच परकी झाली, याचे दुःख तोळ्यांत मोजता येत नाही.

निवृत्त हवालदार
मी तपासाच्या बाजूचे सांगतो. फिर्यादीला प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तुमचा चौथा महिना चालू आहे, तेव्हा कुणी कळवले नसेल तर लेखी अर्ज द्या. मुद्देमाल सापडल्यास न्यायालयात अर्ज करून तो ताब्यात मिळतो, त्यासाठी पाटल्यांच्या पावत्या किंवा त्या घातलेले जुने फोटो शोधून ठेवा. दाराला आतून बसणारे चांगले कुलूप लावा, उरलेले दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि मग बंदोबस्त पुरा झाला असे समजा. रोज नवी कडी बसवणारी घरे मी पाहिली आहेत. त्या माणसांना झोप लागत नव्हती.

गोदाकाठ, नाशिक
सर्वांचे आभार. १४४१६ वर काल बोलले. पलीकडच्या बाईंनी मराठीत आणि घाई न करता ऐकून घेतले. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचे आहे, यजमान सोबत येणार आहेत, म्हणजे घर दोन तास रिकामे राहील. अर्ज लिहून ठेवला आहे, तो त्याच वाटेवर पोलीस ठाण्यात देईन. आईचा पाटल्या घातलेला एक फोटो लेकीच्या बारशाच्या अल्बममध्ये सापडला.