मत्तय २०, द्राक्षमळ्यातले मजूर: समोर बसणारेही मजूरच आहेत, संदेश कसा द्यायचा?

साक्रीचा_सेवक

जय ख्रिस्त सगळ्यांना. २० सप्टेंबरच्या उपासनेत संदेश माझ्याकडे आलाय, पाळक साहेब त्या रविवारी दुसऱ्या मंडळीत (चर्चमध्ये) प्रभुभोजनाच्या विधीला जाणारेत. मी हायस्कूलला शिक्षक, सेमिनरी वगैरे काही केलेली नाही, अधूनमधून वचन सांगतो एवढंच. आमची मंडळी साक्री तालुक्यातली, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या कामातून उभी राहिलेली, छोटीच आहे. पूर्वी इथं ज्याला जे वचन सुचेल ते तो घ्यायचा, त्यामुळे उधळा पुत्र आणि स्तोत्र २३ वरचेवर व्हायचं आणि कितीतरी अध्याय कोणी उघडायचंच नाही. यंदा वाचनमाला, म्हणजे कुठल्या रविवारी कुठलं वचन ते ठरवून दिलेलं तीन वर्षांचं वेळापत्रक, धरून चालायचं ठरलं, सध्या त्यातलं अ वर्ष म्हणजे मत्तय चालू आहे, आणि २० तारखेला आलंय मत्तय २०:१-१६, द्राक्षमळ्यातले मजूर. येशूच्या या गोष्टीत मळ्याचा मालक दिवसभर चौकातून मजूर आणत राहतो आणि शेवटी पहाटे आलेल्यांनाही एक दिनार (दिवसाची मजुरी) देतो आणि संध्याकाळी पाचला आलेल्यांनाही एकच दिनार.

आता अडचण सांगतो. आमच्याकडे बाकावर कोण बसतं बघा. रोजंदारीवाले, कापूस वेचणीला किलोवर जाणारे, दसरा-दिवाळीनंतर उचल (आगाऊ पैसे) घेऊन गुजरातकडे ऊसतोडीला जाणारी कोयत्याची नवरा-बायको जोडपी, दोन-तीन सालदार म्हणजे वर्षाच्या ठरावावर राहणारे गडी, आणि ज्यांच्या शेतात ते सालदार आहेत ते शेतकरी पण, तेच आमच्या मंडळीचे वडील म्हणजे कारभार बघणारे आहेत. बुधवारी घरगुती प्रार्थनेत मी हा उतारा नुसता वाचून दाखवला, काही समजावलं नाही, तर एक मावशी, सगळं आयुष्य निंदणी आणि वेचणीत गेलेल्या, लगेच म्हणाल्या, "मंग आम्ही दिनभर उन्हामा तपनूत ते काय फुकट?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणालाच त्या मालकाचं वागणं पटलं नाही.

टीकाग्रंथात, म्हणजे बायबलचा अर्थ उलगडणाऱ्या पुस्तकांत, वाचलं तर सगळीकडे एकच, ही देवाची कृपा आहे, कृपा कमवता येत नाही. ते खरंच आहे, मी मानतो. पण ज्या बाईचे मागच्या हंगामात वजनात पैसे कापले गेले तिला मी उभं राहून सांगू का की कुरकुर करू नको, १५व्या वचनात मालक म्हणतो माझं आहे त्याचं मी वाटेल ते करीन? हे वाक्य तर तिनं आयुष्यभर ऐकलंय, आणि ऐकवणारा देव नव्हता. तिला काय सांगू? कोणी या वचनावर मजुरांसमोर बोललं असेल तर मोकळेपणानं सांगा.

धुळ्याचा_पाळक

सेवक भाऊ, मावशींचा प्रश्न हाच तुमचा संदेश आहे, त्याला बाजूला सारून कृपेवर जाऊ नका. १२व्या वचनात पहिले मजूर अगदी तेच बोलतात, आम्ही दिवसभराचा भार आणि ऊन सोसलं आणि तुम्ही यांना आमच्या बरोबरीचं केलं. म्हणजे येशूनंच तो प्रश्न गोष्टीत ठेवलाय, मावशींनी बाहेरून आणलेला नाही.

माझी आठवड्याची पद्धत सांगतो, कामाला आली तर घ्या. सोमवारी उतारा मोठ्यानं वाचतो, टीकाग्रंथ बंद. मंगळवारी मागचा आणि पुढचा अध्याय. बुधवारी जमेल तर कोणाच्या तरी घरी, तुम्ही केलं तसंच. टीकाग्रंथ गुरुवारच्या आधी नाही, कारण एकदा का तो उघडला की आपले प्रश्न गप्प होतात आणि त्यांचे प्रश्न आपल्याला आपले वाटायला लागतात. शनिवारी फक्त लिहिणं आणि कापणं.

यातला मंगळवार या वचनाला फार महत्त्वाचा. वाचनमाला बघा, १३ तारखेला १८:२१-३५ आहे, क्षमा न करणारा चाकर, आणि २० तारखेला एकदम २०:१. अख्खा १९वा अध्याय अ वर्षाच्या रविवारांत येतच नाही. आणि गोष्टीची किल्ली तिथंच आहे. सगळं विकून गरिबांना दे म्हटल्यावर श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, मग १९:२७ ला शिष्य पेत्र येशूला विचारतो, आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो तर आम्हाला काय मिळणार. येशू त्याला झिडकारत नाही, बारा राजासनं सांगतो, शंभरपट सांगतो, आणि शेवटी म्हणतो, पण पहिले ते शेवटचे होतील. त्याच दमात ही गोष्ट सुरू होते आणि २०:१६ ला तेच वाक्य उलटून परत येतं. आता गोष्टीनंतर काय ते पण बघा, येशू आपल्या मरणाचं सांगतो आणि लगेच जब्दीच्या मुलांची, म्हणजे दोन शिष्यांची, आई येते, माझ्या एकाला उजवीकडे बसवा आणि एकाला डावीकडे. म्हणजे आधी पण मानाचा हिशोब आणि नंतर पण मानाचा हिशोब, मध्ये ही गोष्ट.

मग पहाटेचा मजूर कोण? गोष्ट पेत्राला सांगितलीय, ज्यानं पुष्कळ सोडलंय आणि ते मोजून ठेवलंय. आज त्या जागी आम्ही पाळक, तुम्ही वडील, वर्षानुवर्षं मंडळीत झिजलेली माणसं येतो. मावशी त्या जागी असतील असं मला तरी वाटत नाही. त्या पाच वाजेवाल्या असायची शक्यता जास्त.

तापीकाठची_ताई

पाळक साहेबांचं पटलं पण मला वाटतं एवढ्यावर थांबलं तर मजुरी गोष्टीतून गायबच होते, सगळं मंडळीतल्या मानपानावर येतं. येशूला मानपानावरच बोलायचं असतं तर मेजवानीची गोष्ट सांगितली असती, त्यानं मजुरांचा चौक निवडलाय. मी चोपडा तालुक्यातली, स्त्री समाजात (मंडळीतल्या बायकांच्या गटात) हे वचन आम्ही घेतलं होतं, तिथं बायकांनी ज्या गोष्टी काढल्या त्या सांगते.

एक तर पाच वाजेपर्यंत चौकात उरतं कोण? सकाळी मुकादमाची गाडी येते तेव्हा तो हातापायानं धट्टीकट्टी पोरं आधी उचलतो, मग राहतात म्हातारे, कडेवर लेकरू असलेली, हात थरथरणारा, कालपर्यंत तापानं पडलेला. मालक विचारतो तुम्ही दिवसभर इथं रिकामे का उभे राहिलात, ते म्हणतात कोणी आम्हाला कामाला लावलं नाही. बस, मालक पुढं काही विचारत नाही, त्यांना आळशी म्हणत नाही, त्यांच्यावर विश्वास ठेवतो. आमच्यातल्या एकीला हे वाचताना रडू आलं.

दुसरं असं की दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, त्यावर एक घर एक दिवस जेवणार. तासाचा हिशोब केला तर पाचला आलेल्याला बाराव्या हिश्शाएवढंच मिळालं असतं, तेवढ्यात दुकानदार किती पीठ देणार आणि ते किती पोरांना पुरणार? पोट काही तासावर भरत नाही. अनुवाद २४:१५ मध्ये तर आज्ञाच आहे की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन त्यावर लागलेलं असतं. गोष्टीतला मालक संध्याकाळ होताच तेच करतो.

आणि अजून एक, जे मला कुठल्या टीकाग्रंथात दिसलं नाही, आमच्या बायकांनी धरलं. या मालकाकडे कारभारी आहे, आठव्या वचनात पैसे वाटायला त्यालाच सांगतो, म्हणजे मुकादम होता की त्याच्याकडे. तरी माणसं आणायला पहाटे, नवाला, बाराला, तीनला आणि पाचला मालक स्वतः चौकात जातो. असा मालक आम्ही तरी पाहिला नाही.

मावशींना मात्र हे पहिल्यांदा सांगा की त्यांचा राग त्यांच्या शेतावर शंभर टक्के बरोबर आहे. या गोष्टीत कोणाचा पैसा कापलेला नाही, पहिल्यांना ठरला तेवढा पूर्ण दिनार मिळाला. ज्यानं वजनात कापलं त्याला १५व्या वचनामागे लपता येणार नाही, त्याच्यासाठी याकोब ५:४ आहे, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी गेलंय. हे वचन त्या रविवारी वाचाच. आणि पुरुषाला एक रोज आणि त्याच कामाला बाईला कमी रोज, हे आपल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या शेतात पण चालतं, त्यावर मंडळीत कोणी बोलत नाही.

नंदुरबार_कॅथलिक

आमच्याकडे पण त्याच रविवारी हेच शुभवर्तमान, आमच्या उपासना-वर्षातल्या सामान्य काळातला २५वा रविवार. आमचं पहिलं वाचन यशया ५५:६-९ असतं, माझे विचार तुमचे विचार नव्हेत. फादरांच्या प्रवचनात बहुतेक यशया आणि मत्तय जोडून येतं.

तुमच्या वाचनमालेत जुन्या करारातून दोन पर्याय दिसतील, निर्गम १६:२-१५ नाहीतर योना ३:१० ते ४:११. योना पण छान आहे, निनवे शहर देवाच्या शिक्षेतून वाचलं म्हणून तो रुसून बसतो आणि देव विचारतो तुला राग यावा हे बरोबर का, अगदी पहिल्या मजुरांसारखंच. पण तुमच्या लोकांसाठी मी निर्गम घेईन, फक्त १५ला थांबू नका, १८पर्यंत वाचा. मान्ना (रानात देवानं इस्राएलला दिलेलं अन्न) मापून बघितला तर ज्यानं जास्त गोळा केला त्याचं उरलं नाही आणि ज्यानं कमी केला त्याला कमी पडलं नाही, ज्याच्या त्याच्या घरात जेवढी तोंडं तेवढं. ताईंनी पिठाचं सांगितलं ते तिथं आधीच लिहिलेलं आहे.

नवापूरचा_पोऱ्या

मी सध्या पुण्यात असतो पण मंडळी नवापूरचीच, म्हणून थोडं बोलतो. एक सावधगिरी. जुन्या टीकाग्रंथांत हमखास असतं की पहिले म्हणजे यहूदी आणि शेवटचे म्हणजे परराष्ट्रीय, आणि ऐकणारा घरी काय घेऊन जातो तर ते गेले आणि आपण आलो. गोष्टीत असं काही नाहीच. पहिल्यांनाही दिनार मिळतो, मळ्यातून कोणाला हाकललं जात नाही, मालक कुरकुरणाऱ्याला पण मित्रा म्हणून बोलतो. शिवाय गोष्ट सांगणारा यहूदी, ऐकणारे यहूदी.

आपल्याकडे पहिले-शेवटचे शोधायला एवढं लांब जायची गरजच नाही. मिशनच्या वेळची घराणी, तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती, कमिटीत तेच, पुढच्या बाकावर तेच, लग्नात आधी त्यांची पंगत. आणि मागच्या दहा-पंधरा वर्षांत पाड्यांवरून आलेली माणसं, सकाळी पायी निघून उपासनेला पोचतात, दाराजवळ बसतात, त्यांना वाचन द्यायचं म्हटलं की कोणीतरी म्हणतं अजून नवीन आहेत, शिकू द्या. "तुम्ही यांना आमच्या बरोबरीचं केलं" हे वाक्य मी कमिटीच्या मीटिंगमध्ये जवळजवळ याच शब्दांत ऐकलंय. माझे आजोबा पण पहाटेचे मजूर होते, त्यांनी बहिष्कार सोसला, त्याची किंमत मी कमी करत नाही. पण त्यांना ठरलेला दिनार मिळालाच ना, देवानं त्यांचं काही बुडवलं नाही. शेजारच्याला तेवढंच मिळालं हे बघून मात्र पोटात दुखतं.

आणि भाऊ, दसऱ्यानंतर तुमची कोयत्याची जोडपी बारडोली साईडला निघून जातील, मग होळीपर्यंत बाकं अर्धी रिकामी. मोठ्या संख्येनं बसलेली असताना हे वचन आलंय तर उचल आणि हिशोबावर पण दोन शब्द बोला. मुकादमाच्या वहीत काय लिहिलंय ते वाचून घ्यायला मंडळीतली शिकलेली पोरं मदत करतील एवढं जरी त्या दिवशी जाहीर केलं तरी मोठी गोष्ट होईल.

साक्रीचा_सेवक

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री बसून साधारण असं धरलंय. शुभवर्तमान १९:२७ पासून २०:१६ पर्यंत सलग वाचायचं, जुन्या करारातून निर्गम १६:१३-१८. सुरुवात मावशींच्याच प्रश्नानं, त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या मी जागेवरून उभी राहून बोलेन. मग चौकात पाचला कोण उभं असतं ते, मग दिनार आणि घर, मग याकोबाचं वचन स्पष्ट शब्दात, आणि शेवटचा भाग पेत्रावर, तिथं मी स्वतःला आणि जुन्या घराण्यांना पुढं बसवणार. वहीचं जाहीर करायला शाळेतली माझीच दोन माजी विद्यार्थी पोरं तयार झालीत. पाड्यावरून येणाऱ्या एका भावाला निर्गमचं वाचन दिलंय, तो आतापासून घरी मोठ्यानं वाचून बघतोय असं त्याच्या बायकोनं सांगितलं.

एक राहिलं. आमचे ते वडील, ज्यांच्याकडे सालदार आहेत. माणूस वाईट नाही, मंडळीच्या छपराचे पत्रे त्यांनीच दिले. पण त्यांच्याकडे बायांचा रोज कमी आहे हे सगळ्यांना माहितीये, मी ते वाक्य बोललो की सगळ्या माना त्यांच्याकडे वळणार. टाळू का?

धुळ्याचा_पाळक

टाळू नका, पण रविवारी त्यांना ते पहिल्यांदा ऐकायला लागू नये. आधीच्या आठवड्यात त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा, उतारा त्यांच्याच हातात देऊन वाचायला सांगा आणि विचारा की दादा, तुम्ही मालक आहात, तुम्हाला हा मालक कसा वाटतो. तुमच्यापैकी कोणाला न दिसणारी बाजू त्यांना दिसेल, भाव पडला की मजुरी कुठून काढायची ते त्यांनाच माहीत. रोजाचा विषय पण तिथंच काढा, स्पष्ट. सालदाराचा ठराव आखाजीला (अक्षय तृतीयेला) होतो, तो पुढच्या वर्षी, पण बायांचा रोज तर वेचणीच्या आधी पण वाढवता येतो. ते हो म्हणाले तर त्यांनाच त्या दिवशी प्रार्थना करायला सांगा, नाही म्हणाले तरी वाक्य कापू नका, फक्त बोलताना त्यांच्याकडे बघू नका.

आणि वाचन लांबतंय म्हणून वाचनमालेतलं त्या दिवसाचं पत्राचं वाचन, फिलिप्पैकरांस पत्र, गाळायचं मनात आलं असेल तर १:२७-३० तेवढं ठेवा.