शोधनिबंध शेतकऱ्यांनाही मोफत वाचता यावा, पण एपीसी (जर्नलचं प्रकाशन-शुल्क) परवडत नाही. कोणता मार्ग घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी जळगावच्या विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करतेय. विषय केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), म्हणजे आपल्याकडचा हरण्या रोग. दोन पावसाळे रावेर-यावलच्या बागांमधून पानं गोळा केली. निबंध एका परदेशी हायब्रिड जर्नलने (वर्गणीवर चालणारं, पण लेखकाने पैसे भरले तर निबंध खुला करणारं) स्वीकारलाय आणि दहा दिवसांत मला पर्याय निवडायचा आहे.

ओपन अ‍ॅक्सेस (सगळ्यांना मोफत वाचायला खुलं) घेतलं तर एपीसी २,९०० डॉलर, म्हणजे अडीच लाखांच्या आसपास. शिष्यवृत्ती संपलीये, कॉलेजकडे असा निधी नाही आणि सवलतीच्या यादीत भारत नाही. दुसरा पर्याय फुकट आहे, पण मग निबंध वर्गणीच्या भिंतीआड जाईल.

ते मला का नको, ते सांगते. माझा पहिला निबंध असाच छापून आला. ज्यांच्या वावरातून नमुने घेतले होते त्या काकांना मी हौसेने लिंक पाठवली. त्यांनी ओट्यावर बसून उघडली, तर स्क्रीनवर गोषवारा आणि खाली ३९ डॉलर भरा. काका म्हणाले, "पोरी, पानं आमच्या वावरातली, नी वाचायचे पैसे पन आमीच द्यायचे?" मला उत्तर देता आलं नाही.

गाईड सर म्हणतात, आता 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' आहे, काळजी कशाला? १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स सरकारी संस्थांमध्ये उघडतात, ही मोठीच सोय आहे. पण काकांना लॉगिन कोण देणार? रोपं विकणाऱ्या नर्सरीवाल्याला कोण देणार?

म्हणून ग्रीन मार्गाचा, म्हणजे मसुदा आपणच मोफत उपलब्ध करून देण्याचा, विचार करतेय. जर्नलांचे असे नियम दाखवणाऱ्या ओपन पॉलिसी फाइंडरवर (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) पाहिलं, तर या जर्नलला स्वीकृत मसुदा (परीक्षणानंतरचा, पण जर्नलने मांडणी करण्याआधीचा) १२ महिन्यांनी संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, ठेवलेला चालतो. माझं घोडं इथेच अडलंय. आमच्या कॉलेजची रिपॉझिटरीच नाही. झेनोडोवर, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या खुल्या रिपॉझिटरीवर, ठेवलं तर ती 'संस्थेची' धरतात का? कोणी प्रकाशकाला असं विचारून लेखी परवानगी मिळवली आहे का?

शिवाय १२ महिने फार होतात. मृगबागेची लागवड जून-जुलैत होते. कोवळी रोपं, ढगाळ हवा आणि शेजारी काकडी-भोपळ्याचा वेल असला की मावा हा व्हायरस पसरवतो. आमच्या नोंदी नेमक्या त्या पहिल्या दोन महिन्यांच्या आहेत. वर्षभर थांबले तर एक अख्खी लागवड हातची जाईल. बायोआर्काइव्ह हे प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचे निबंध) ठेवायचं संकेतस्थळ स्वीकारलेले निबंध घेत नाही, त्यामुळे प्रीप्रिंटची वाट बंद झाली.

प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जाणारच आहे आणि तिथे तो कुणालाही मोफत वाचता येतो. मग याच निबंधाचं प्रकरण प्रबंधात असेल तर प्रकाशक हरकत घेतो का? कॉपीराइट हस्तांतराच्या फॉर्मवर सही करण्याआधी त्यात प्रबंधाबद्दलची कोणती ओळ शोधायची?

निबंध मागे घेऊन डायमंड जर्नलला, म्हणजे जिथे लेखकालाही पैसे पडत नाहीत आणि वाचकालाही नाहीत, तिथे पाठवावा असंही मनात येतं. पण पुन्हा परीक्षणात वर्ष जाईल असं सर म्हणतात. वनस्पती-रोगांवरचं, डीओएजेमध्ये (ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांच्या यादीत) नोंद असलेलं असं जर्नल कुणाच्या अनुभवातलं असेल तर नाव सांगा. '४८ तासांत प्रसिद्धी, फक्त ४,५०० रुपये' असल्या मेलवाल्यांची नावं कृपया नकोत, रोज दोन येतात.

निष्कर्ष माझ्या शब्दांत मराठीत लिहून दोन पानी पत्रक वाटायला हरकत नसावी, असं मला वाटतं. आलेख मात्र नव्याने काढावे लागतील का?

फॉर्म पुढच्या शुक्रवारपर्यंत भरायचा आहे. ग्रंथपाल मंडळी, तुम्ही जरूर लिहा.