हिडकल धरणात कटला माशासाठी कुठल्या आसाचं (भोकाच्या मापाचं) जाळं घ्यावं?

हुक्केरीकर: नमस्कार मंडळी. हिडकलात आमची सगळी जाळी तंगुसाची, म्हणजे एकेरी नायलॉन धाग्याची. किलोच्या आतलाच कटला, रोहू जास्त घावतोय आणि संकेश्वरात त्याला धड भाव मिळत नाही. मोठा आस घ्यावा तर चिलापी (तिलापिया मासा) हातची जाते, रोजचा खर्च तर तिच्यावरच भागतो. मालवणचा पाहुणा म्हणतो चौकोनी आस घ्या, बारका मासा निसटतो. कुणी वापरलंय काय?

निपाणीचा जाळेवाला: पाहुण्याचं खोटं नाही अण्णा, पण ते ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागं ओढायच्या जाळ्याच्या, शेवटच्या पिशवीचं. ओढताना साधा आस मिटतो, चौकोनी उघडा राहतो. गुजरातेत ट्रॉलला 40 मिमीचा चौकोनी आस सक्तीचा केलाय तो त्यासाठीच. तुमचं जाळं पाण्यात उभं, मासा आपणहून येऊन कल्ल्यात अडकतोय. तिथं मापाचाच खेळ.

पाहिजे तेवढा एक कटला घ्या, सगळ्यात जाड जागी सुतळी गुंडाळून घेर मापा. आस ताणून गाठ ते गाठ 100 मिमी भरला तर आतला घेर 200. त्यात साधारण 250 घेराचा मासा सगळ्यात पक्का बसतो, 200 च्या खालचा बहुतेक पार होतो. सुतळी रोहूला लावू नका. कटला अंगानं रुंद, रोहूच्या मापानं घेतलेल्या जाळ्यात तो लहानपणीच अडकणार. आणि दुकानात नीट विचारा, काहीजण आसाच्या एकाच बाजूचं माप सांगतात. त्यांचं 50 म्हणजे तुमचं 100.

खानापूरकर: भरणीकडं, म्हणजे जाळी दोरीवर कशी बांधली तिकडं, पण बघा की. 100 मीटर जाळी 50 मीटर दोरीवर भरतात. 40 वर भरली की झोळ पडतो, मग आस कितीचा का असेना, पंखाला, काट्याला गुंतून लहान-मोठं सगळं येतंय. चिलापीसाठी कमी उंचीचं बारक्या आसाचं जाळं वेगळं ठेवा, काठाच्या उथळ पाण्यात. फक्त बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) नुकती सोडली असेल तेव्हा तिथं लावू नका.

हुक्केरीकर: पटलं. पण माझ्या मोठ्या आसातून सुटलेला बारका कटला शेजाऱ्याच्या बारक्या आसाच्या जाळ्यात गेला तर?

निपाणीचा जाळेवाला: जाणारच की! म्हणून आधी एकाच दोरीवर दोन आसांचे पट्टे शेजारी शेजारी जोडा. सकाळी दोन्हीतला मासा वेगवेगळा तोला, भाव लावून मच्छीमार सोसायटीत सगळ्यांना दाखवा, म्हणजे तेही मोठा आस घेतील. नुसतं बोलून कोण ऐकतंय?