तीन लाखांचा बाँड, कोरा धनादेश आणि वडिलांची जामीनकी: यातले कायद्यापुढे काय टिकते?

अभियंता, चाकण (प्रश्न)

मी यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर असून चाकण येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या आरेखन विभागात गेले पंधरा महिने नोकरी करते आहे. रुजू होण्याच्या दिवशी नेमणूकपत्रासोबत ५०० रुपयांच्या मुद्रांकावरचा चौदा पानी करारनामा माझ्यापुढे ठेवण्यात आला. पानांच्या कोपऱ्यात जिथे पेन्सिलीने फुली मारली होती तिथे सही करायची, एवढेच सांगण्यात आले. वडील एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी चष्मा लावून पहिले पान वाचायला घेतले, तेव्हा ‘काका, सगळ्यांना हाच मसुदा असतो’ असे म्हणून समोरच्या अधिकाऱ्यांनी पान उलटले आणि जामीनदाराच्या जागेवर बोट ठेवले. कराराची प्रत आम्हांला दिली नव्हती. ती मी गेल्या आठवड्यात तीनदा मागून मिळवली.

करारानुसार दोन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास तीन लाख रुपये भरायचे आहेत. माझी मूळ पदवी व गुणपत्रिका आणि माझ्या सहीचा एक कोरा धनादेश कंपनीकडे ठेवलेला आहे. सेवाकाळात आणि सेवा संपल्यावर एक वर्ष तत्सम व्यवसायात काम करू नये, तसेच वाद झाल्यास कंपनीचे संचालक नेमतील त्या लवादाचा निर्णय अंतिम राहील, अशी कलमेही आहेत. माझे वेतन २७,००० रुपये आहे. सातपूर येथील एका कारखान्यातून मला नोकरीचे पत्र आले आहे. सही केली म्हणजे आता यातले सगळेच मला बंधनकारक आहे का? वडील रोज रात्री हाच विषय काढतात, म्हणून विचारते आहे.

कामगार कायद्याचा वकील, पुणे

सर्वप्रथम मुद्रांकाविषयी सांगतो, कारण आपल्याकडे पाचशेचा मुद्रांक आणि नोटरीचा गोल शिक्का पाहिला की मजकूर कायद्याइतकाच पक्का झाला असे लोक धरून चालतात. मुद्रांकामुळे दस्तऐवज पुराव्यात दाखल करता येतो आणि शिक्क्यामुळे सही तुमचीच आहे एवढे दिसते. आतले कलम बेकायदा असेल तर ते मुद्रांकावरही बेकायदाच राहते. न्यायालय करार सरसकट उचलून धरत नाही किंवा फेकूनही देत नाही, तर प्रत्येक कलम वेगळे काढून तपासते, आणि तुम्हीही तो तसाच वाचावा.

तुम्हांला दोन वर्षे कामावर बांधून ठेवण्याचा आदेश कोणतेही न्यायालय देणार नाही. व्यक्तिगत सेवेच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी करता येत नाही, हे विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १४ मधून स्पष्ट होते. कंपनी फार तर नुकसानभरपाई मागू शकते, आणि तो दिवाणी स्वरूपाचा वाद असतो. केवळ मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल गुन्हा दाखल होत नाही.

भरपाई किती, याचे उत्तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ मध्ये आहे. करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि तिच्या आत जी भरपाई वाजवी असेल तेवढीच मिळते. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात बाँड तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा होता, प्रशिक्षणावरचा प्रत्यक्ष खर्च ६७,५९६ रुपये होता आणि कर्मचाऱ्याने सुमारे दोन वर्षांनी नोकरी सोडली होती. उरलेल्या एका वर्षाच्या प्रमाणात, म्हणजे खर्चाचा एक तृतीयांश भाग, २२,५३२ रुपये एवढीच भरपाई योग्य ठरली. तुमच्या चोवीस महिन्यांपैकी नऊ महिने उरले आहेत. प्रशिक्षणावर समजा ४०,००० रुपये खर्च झाल्याचे कंपनीने कागदोपत्री सिद्ध केले, तर त्याच हिशेबाने १५,००० रुपये होतात. म्हणून तुम्हांला नेमके कोणते प्रशिक्षण मिळाले, किती दिवस आणि कोणाकडून, हे कृपया लिहावे.

नोकरी सोडल्यानंतर वर्षभर तत्सम व्यवसायात काम न करण्याचे कलम याच अधिनियमाच्या कलम २७ खाली शून्य ठरते, त्यामुळे त्याची चिंता नको. मूळ प्रमाणपत्रे मात्र आजच लेखी मागा. ती तुमची मालमत्ता आहे आणि वसुलीसाठी ती अडकवून ठेवण्याचा अधिकार बाँडमुळे कंपनीला मिळत नाही.

निवृत्त कार्मिक अधिकारी, ठाणे

मी तीस वर्षे कारखान्याच्या बाजूने असे करार तयार केले आहेत, त्यामुळे वकील साहेबांच्या उत्तरात दोन ठिकाणी सावधगिरीची भर घालणे मला आवश्यक वाटते.

पहिली भर स्पर्धकाकडे जाण्याविषयीची आहे. सेवा संपल्यानंतरची बंदी टिकत नाही हे खरे, परंतु कराराची मुदत चालू असतानाची बंदी ही वेगळी गोष्ट आहे, आणि प्रश्नकर्तीच्या करारात दोन्ही एकाच वाक्यात गुंफलेल्या आहेत. कल्याणच्या कारखान्यातील गोलिकरी यांचे १९६७ चे प्रकरण आमच्या पिढीच्या कार्मिक विभागात सर्वांना पाठ असे. त्यांचा सेवाकरार पाच वर्षांचा होता, परदेशी सहयोगातून आलेल्या टायरच्या धाग्याच्या तंत्राचे प्रशिक्षण त्यांना मिळाले होते आणि मुदत संपण्याआधीच ते राजस्थानातील कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेले. सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या मुदतीपुरता त्यांच्यावरचा मनाई हुकूम कायम ठेवला. तेव्हा सातपूरचा कारखाना तेच उत्पादन करतो की वेगळे, हे तपासल्यावाचून निर्धास्त होऊ नये.

दुसरी भर बाँडच्या रकमेविषयीची. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला, आणि तेव्हापासून अनेक खासगी कंपन्या तो निकाल दाखवून मुलांना घाबरवत आहेत. निकाल पूर्ण वाचला पाहिजे. सरकारी बँकेला जाहिरात देऊन खुल्या स्पर्धेतून भरती करावी लागते, मधूनच कोणी गेल्यास तो सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो, तो कर्मचारी व्यवस्थापक श्रेणीतला होता, आणि राजीनामा देणेच अशक्य व्हावे इतकी ती रक्कम मोठी नव्हती, ही कारणे त्यात मांडलेली आहेत. इथे तीन लाख म्हणजे प्रश्नकर्तीचे अकरा महिन्यांचे वेतन होते. तरीही ‘बाँड मुळातच बेकायदा असतो’ असा पवित्रा घेऊ नका. बाँड वैध असू शकतो, रक्कम अवाजवी आहे, असे म्हणणे अधिक टिकाऊ आहे.

लवादाचे कलम एकतर्फी आहे. वादात हितसंबंध असलेल्या संचालकाने एकट्याने लवाद नेमणे चालत नाही, हे २०१९ पासून स्पष्ट आहे.

राजीनामा ईमेलने द्या, करारातला नोटीस कालावधी पूर्ण भरा, आणि तोंडी बोलणे झाले की त्याच संध्याकाळी ‘आज आपण असे सांगितलेत’ अशी दोन ओळींची ईमेल पाठवा. आरेखनांची एकही फाईल स्वतःच्या पत्त्यावर पाठवू नका किंवा पेन ड्राइव्हवर घेऊ नका. चांगल्या बाजूची प्रकरणे या एका चुकीमुळे बिघडलेली मी पाहिली आहेत.

अभियंता, चाकण

दोघांचेही मनापासून आभार. प्रशिक्षण म्हणजे पहिले तीन आठवडे विभागातल्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसवून आरेखनाचे सॉफ्टवेअर शिकवले. बाहेरचा प्रशिक्षक नव्हता, आणि चौथ्या दिवसापासून मी ग्राहकाला जाणाऱ्या आरेखनांवर दुरुस्त्या करत होते. त्या दुरुस्त्यांच्या नोंदवहीत माझी आद्याक्षरे तारखेसह आहेत. सातपूरचा कारखाना विद्युत स्विचगिअर बनवतो, त्यामुळे व्यवसाय वेगळा आहे. करारातला नोटीस कालावधी दोन महिन्यांचा असून तो भरायची माझी तयारी आहे.

आता दोन शंका उरल्या आहेत. कंपनी शेवटचा पगार अडवून त्यातून बाँडची रक्कम वळती करेल, असे सहकारी सांगतात. दुसरे म्हणजे कोरा धनादेश त्यांनी बँकेत भरला तर काय होईल? पैसे देणे थांबवण्याची सूचना आधीच बँकेला देऊन ठेवावी का?

कामगार कायद्याचा वकील, पुणे

गोलिकरी प्रकरणाची आठवण करून दिली हे बरे झाले. माझ्या उत्तरात तो भेद राहून गेला होता. उत्पादन वेगळे असल्याने तो धोका इथे दिसत नाही.

पगाराविषयी तुमची बाजू भक्कम आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली असून तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. पूर्वीच्या १९३६ च्या कायद्याला २४,००० रुपयांची वेतनमर्यादा होती, त्यामुळे तुमच्यासारखे २७,००० मिळवणारे त्याच्या बाहेर राहत. संहितेतील या तरतुदींना तशी मर्यादा नाही. पगारातून कोणत्या कपाती करता येतात याची यादी कलम १८ मध्ये आहे, तीत बाँडची रक्कम नाही, आणि सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत. संहितेखाली मिळणाऱ्या रकमेवरचा हक्क सोडल्याचे एखादे कलम करारात असले, तर तेवढ्यापुरते तेही शून्य आहे. पगार अडवल्यास कामगार आयुक्तांच्या पुण्यातील कार्यालयात लेखी तक्रार करा आणि सोबत पगारपत्रके व राजीनाम्याची ईमेल जोडा.

धनादेशाची बाब अधिक नाजूक आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सही करून दिलेला धनादेश कोरा असला तरी तो देण्याघेण्यापोटीच दिला होता, असे धनादेशांना लागू असलेल्या पराक्राम्य संलेख अधिनियमाखाली न्यायालय गृहीत धरते आणि उलट दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. पैसे देणे थांबवण्याची सूचना दिली म्हणून त्याच अधिनियमाच्या कलम १३८ खालची, धनादेश न वटल्याबद्दलची तक्रार टळतेच असे नाही. त्यामुळे खरा बचाव आत्ता तयार करायचा आहे. राजीनाम्याच्या पत्रात धनादेशाचा क्रमांक लिहा, तो रुजू होताना कोरा व केवळ तारण म्हणून घेण्यात आला होता आणि त्यापोटी आजमितीस कोणतेही देणे ठरलेले नाही, असे नमूद करून तो परत मागा. तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा आणि पोच जपून ठेवा. धनादेश भरला जाऊन न वटल्यास कंपनीला तीस दिवसांत नोटीस पाठवावी लागते, आणि ती मिळाल्यापासून तुम्हांला पंधरा दिवस असतात. ती नोटीस एक दिवसही पडून राहू देऊ नका. वकिलामार्फत त्या पंधरा दिवसांतच उत्तर गेले पाहिजे.

प्रशिक्षणाबाबत तुम्ही लिहिलेली नोंदवही महत्त्वाची आहे. चौथ्या दिवसापासून ग्राहकाचे काम करणारी व्यक्ती प्रशिक्षणावर खर्च करवून घेत होती की कंपनीला काम करून देत होती, हा प्रश्न त्या एका नोंदीने उभा राहतो. मात्र वहीची छायाचित्रे काढू नका. ती कंपनीकडे आहे एवढे पत्रात नमूद करा, म्हणजे गरज पडल्यास न्यायालयामार्फत मागवता येईल.

राहिली वडिलांची जामीनकी. करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. जे तुमच्याकडून कायद्याने वसूल होऊ शकत नाही, ते त्यांच्याकडूनही होऊ शकत नाही. कराराचे जामिनकीचे पान एकदा तपासून घ्या आणि आज रात्री त्यांनी विषय काढला की त्यांच्याजवळ बसून हे कलम त्यांना वाचून दाखवा.